लाल चूळ

कावेरीनं चूळ टाकली, ती आजही लालच. हिरड्या सुजल्या होत्या आणि तिला पाचवा महिना चालू होता.

"गरोदरपणी असं व्हायचंच," सासूबाई म्हणाल्या. "माझेही दात तेव्हाच पडले. दवाखान्याचं नाव काढू नकोस, बाळाला बाधेल."

"तुमचे पडले म्हणून माझेही पडू द्यायचे? मी निघाले!" कावेरीनं चपला घातल्या. तिला अडवायला सासूबाई दवाखान्यापर्यंत भांडत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या तपासल्या. "दातांच्या मुळाशी कीटण साचलंय. या महिन्यात साफ करायला धोका नाही. नाही केलं, तर दात हलतील."

तासाभरानं कावेरी खुर्चीवरून उठली. मग सासूबाई पदर सावरून स्वतःच खुर्चीत बसल्या.

"बाई, माझे सहाच उरलेत," त्या म्हणाल्या. "आता एकही पडू देणार नाही."