अकराव्या मजल्यावरचं अभयारण्य

"खिडकी उघडू नकोस," ताई कुजबुजली. धाकटीचा हात कडीवरच राहिला.

अकरा मजले खाली सोसायटीचं पक्षी अभयारण्य पसरलं होतं. चारी बाजूंना इमारती आणि मधोमध बिल्डरला बुजवता न आलेली पाणथळ. फ्लॅट घेताना भावोजींनी त्याच बाजूचा हट्ट धरला होता. पण खिडकी उघडली की डास येतात, चिखलाचा वास येतो, कठड्यावर घाण होते. म्हणून राहायला आल्यापासून ती बंदच होती.

पक्षी बघायचे ते दिवाणखान्यात. सोसायटीने पाण्याकाठी कॅमेरे लावले होते आणि भावोजींचा टीव्ही भिंतभर होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ रिमोट घेऊन त्याच्यासमोर बसत. चोचीच्या रंगावरून वय सांगत. तेवढा वेळ घरात मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम होता. मिक्सर बंद, कुकरची शिट्टी बंद. इथल्या बोलण्याने खालचे पक्षी कसे उडतील, असं ताईने सुरुवातीला एकदा विचारलं होतं. शिस्त ती शिस्त, असं उत्तर मिळालं. पुढे तिने विचारायचं सोडलं, मग हळूहळू बोलायचंही.

धाकटी मोटार चालवायला शिकवायची. शेजारी शिकाऊ माणूस बसवून भर रस्त्यात जायचं, त्यामुळे ओरडायची सवय झालेली. तिने कसाबसा कुजबुजत चहा संपवला आणि खाली जाऊनच बघू या म्हणाली. पडद्यावरची नजर न हलवता भावोजींनी सांगितलं, की खाली जाण्यात अर्थ नाही, तिथून पक्षी फार लहान दिसतात. ताईने गुडघ्याचं कारण काढलं. लिफ्ट असताना गुडघा मध्ये आणू नकोस, असं म्हणत धाकटीने तिच्या पायांपुढे चपला ठेवल्या. आम्ही जाऊन येतो, असं ताई दारातून म्हणाली. भावोजींनी नुसतं हूं केलं. पडद्यावर एक पाणकावळा पंख वाळवत होता.

खाली पोचताच ताईने नाकाला रुमाल लावला. पण तो तिथे टिकला नाही, हात कानांवर न्यावे लागले. कानठळ्या बसतील असा कलकलाट होता. बदकं भांडत होती, बगळे घोगऱ्या आवाजात एकमेकांवर खेकसत होते, आणि टिटवी उगाचच सगळ्यांवर ओरडत सुटली होती.

"अगं, हे बोलतात की," ताई म्हणाली. "आमच्याकडे सगळे मुकेच असतात."

"तुमच्याकडे बोलतं तरी कोण?" धाकटी म्हणाली.

दोघी पाण्याकाठच्या बाकावर बसल्या. एका शिकाऊ गृहस्थाने गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात कशी घातली, ते धाकटीने आवाज चढवून सांगितलं. ताई हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. मग ती स्वतःच बोलायला लागली, ती थांबेचना. एक बगळा तिच्या पुढ्यातून रमतगमत चालत गेला. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

वर भावोजींनी कॅमेरा बदलला आणि ते चपापले. पाण्याकाठी दोन बायका बसल्या होत्या. एकीची पाठ कॅमेऱ्याकडे होती. दुसरीने चपला भिरकावल्या होत्या, केस सुटले होते, आणि मांडीवर थाप मारून ती खदाखदा हसत होती. असल्यांना आत सोडतं कोण, असं पुटपुटत त्यांनी चित्र मोठं केलं. चेहरा स्वच्छ दिसला. ओळखीचा वाटेना.

हा तमाशा बायकोला दाखवायलाच हवा होता. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. पुन्हा मारली. मग चिडून फोन लावला.

पडद्यावरच्या बाईने पर्समधून फोन काढला, नाव पाहिलं, तो परत आत टाकला आणि पुढची गोष्ट सांगायला घेतली.