नावं सोडून

शहाऐंशी साली तान्ह्या बाळांचा साबण काढणाऱ्या कंपनीनं पेडगावच्या मार्तंडला कामाला ठेवलं आणि पहिलीच कामगिरी दिली. गावात आणि आसपास यंदा किती घरी पाळणा हलणार, ते काढून आणायचं. दारोदार फिरायचं जिवावर आलं म्हणून तो सरळ दवाखान्यात गेला. तिथं नर्स प्रभावतीबाईंकडं गरोदर बायांचं रजिस्टर होतं.

"बाई, नुसती नावं उतरून घेतो."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "बायांनी हे मला तपासणीसाठी सांगितलंय भाऊ, तुमच्या साबणासाठी न्हाई. तेवीसजणी हायत, एवढा आकडा घेऊन जा. नाव एकीचंबी मिळायचं न्हाई."

मार्तंडनं लय गयावया केली. बाई नुसत्या गालातल्या गालात हसत राहिल्या. शेवटी तेवढाच आकडा घेऊन तो घरी आला आणि जेवता जेवता बायकोपुढं, विमलापुढं, कुरकुरला, "आठ वर्षं झाली आपल्या लग्नाला, तवापासून वळखते ती बाई मला. तरी तेविसातलं एक नाव सांगितलं न्हाई."

विमलानं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.


"एक मी सांगते," ती म्हणाली. "माझं."