दाबायच्या आधी

कमलिनीने देवरावचं बोट धरलं आणि की-बोर्डवर दाबलं. देवराव किंचाळलाच. खुर्ची मागे कलंडली. सुपेला बाजारातल्या वरच्या मजल्यावरचा तो कॉम्प्युटर क्लास खो खो हसायला लागला.

"अरे काका, बम थोडे ही है!" एक पोरगा म्हणाला.

हसणाऱ्यांचं काय जातं! देवरावला त्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलच्या मालकाने बजावलं होतं, कॉम्प्युटर शिकलास तर ऑफिसात बसवतो, नाही तर पुन्हा मशीनवर. मशीनजवळ तर तो आता फिरकतही नव्हता. आणि इथे आठवडा उलटला तरी त्याचं बोट एका बटनाला टेकत नव्हतं.

कमलिनी कारखान्याच्या कॉलनीतली, सेक्टर सहातली, नव्यानेच शिकवायला लागलेली. हौस दांडगी, धीर कमी. तिने फळ्यावर चित्रं काढली, दहादा समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आज तिने बोटच धरलं. पण ती किंकाळी ऐकून तिने हात सोडला. तिने पोरांना चहा प्यायला पिटाळलं.

"काका, कावून इतके घाबरून राहिले? बिघडलं तर मी नीट करीन ना."

"मशीन बिघडन मनून नाई भेत मी, मॅडम." देवरावने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "मिलमंदी रिवाज हाय. मशीन साफ कराले आत गेलेला मानूस सोता बाहेर येते, समोर उभा राहून सांगते, आलो मी. मंगच बटन दाबाचं. त्या दिवशी मांगून कोनीतरी 'हो' म्हनलं. मी दाबलं." त्याने बोट मुठीत लपवलं. "फकिरा आतच होता."

आपण याचं बोट धरून दाबलं, या विचाराने कमलिनीला स्वतःचीच चीड आली.

तिने कॉम्प्युटर बंद केला. टेबलामागे जाऊन स्क्रू काढले आणि डब्याचं झाकण उघडलं. "या काका, बघा."

देवराव भीत भीत वाकला. आत वायरी होत्या, पंखा होता, धूळ होती. त्याने हात घालून कोपरे चाचपले.

तिने झाकण लावलं, मशीन चालू केलं. मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"आले मी, काका. आत कोणी नाही."

देवरावने तिला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. मग डोळे गच्च मिटून त्याने एक बटन दाबलं.

पडद्यावर एक अक्षर उमटलं. कोणालाच काही झालं नव्हतं.