पाठीवरचा सुळका

चीनमधल्या छीचुनच्या बाजारात बाओबाई नागदवण्याचा औषधी पाला जाळून लोकांच्या पाठी शेकायची. समोरचा शेकवाला लुओ रोज बोंबलायचा, "हिचा पाला यंदाचाय! चटके बसतील!" तीन वर्षं मुरलेला पाला नुसती ऊब देतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गिऱ्हाइकं तुटायला लागली, तशी बाओबाईने त्याला सगळ्यांसमोर हाक मारली, "शर्ट काढ नि हो पालथा! चटका बसला, तर दुकान बंद करते." लुओ हसत बाकावर पसरला. तिने त्याच्या पाठीवर कुटलेल्या पाल्याचा बोटभर सुळका ठेवला आणि काडी ओढली. आवाज ऐकताच लुओ किंचाळला, "मेलो! भाजलो!" बाजार खदाखदा हसला. पेटली होती ती बाओबाईच्या ओठांतली सिगारेट. "सुळका अजून पेटवायचाय, भाऊ," म्हणत तिने सिगारेट सुळक्याला टेकवली. आता ओरडला तरी कोण ऐकणार? लुओ दात आवळून पडून राहिला. पाला खरंच यंदाचा होता.