मूळ राहिलं

दर रविवारी आमची टोळी माळावरची घाणेरी उपटायला जाते, गवताला जागा मिळावी म्हणून. आमचे हे माझ्या मागे उभे राहून ओरडायचे, "अगं, मूळ राहिलं! मूळ राहिलं की परत येतं ते!"

गेल्या वर्षी तिथेच एका झुडपापाशी पाणी प्यायला बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून त्या झुडपाचे मी नुसते शेंडे छाटते. मूळ मुद्दाम ठेवते.

आज सुनेने ते खणून काढलं. "आई, तुमच्याने निघत नव्हतं ना? घ्या, विषय संपला!" मी त्या खड्ड्यापाशी बसले.

 

मागून ओळखीचा आवाज आला, "सुनेला सांगू नकोस गं, थोडं मूळ राहिलंय."