चाकाखालचं लिंबू

जुन्या घाटणीची मोटारसायकल घ्यायची तर जाहिरातीवर नाही, मालकाच्या अनुभवावर विश्वास ठेवायचा, असं पन्नाशीत ठरवून मी होटगीला तशीच गाडी चालवणाऱ्या गुरुशांतअण्णांकडे गेलो. "सहा वर्षांत एकदाबी दगा दिला न्हाय," अण्णा म्हणाले. "ब्रेक?" "लागतो की. जरा आधी सांगायचं त्याला." मी हसलो. अण्णा हसले नाहीत. "चक्कर मारून बघा," म्हणत त्यांनी किल्ली दिली. मी बसलो, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि गाडी चालूच होणार नाही ही माझी शेवटची आशा संपली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुंदरम्मावहिनी चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आल्या. "वहिनी, ते नव्या गाडीला ना?" "व्हय. पन हिला आमी रोज ठेवतो." माझे गुडघे टाकीला चिकटले. वहिनींनी मला नीट न्याहाळलं, लिंबू बाजूला ठेवलं आणि आतून नारळ आणला. मी उतरून विचारलं, "सोलापूरची बस कुठं थांबते?"