फोटो काढण्याआधी

“दिवस गेलेत का?” दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईनं कागदावरून मान वर न करता विचारलं. “एक्स-रे काढायचाय म्हणून. सगळ्यांनाच विचारतो आम्ही.”

खुर्चीत आडवी झालेल्या सुनेनं सुजलेल्या गालावर हात धरून बाजूला पाहिलं. दोन पावलांवर स्टुलावर सासू बसली होती. मांडीवर पर्स, कान टवकारलेले.

“नाही,” सून म्हणाली.

दिवस गेले होते. नववा आठवडा चालू होता. घरात हे फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तीन महिने होईपर्यंत गोष्ट षट्कर्णी होऊ द्यायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. त्याला कारण सासू. बाई मनानं सोन्यासारखी, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. याआधी दोनदा तिनं जिन्यातल्या प्रत्येक दारी ही बातमी पोचवली होती, आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. मग त्याच दारांतून बायका हळहळत आल्या. गेल्याचं दुःख एक वेळ गिळता येई, पण ती हळहळ घशात अडकायची. तिसऱ्यांदा ती सोसायची सुनेत ताकद नव्हती.

“आई, तुम्ही बाहेर बसता का? इथे औषधांचा वास येतोय.”

“येऊ दे. मी काय अत्तराच्या दुकानात आलेय?” सासू जागची हलली नाही. सकाळीही तेच. नवरा रजा टाकून सोबत निघाला होता, तर तिनं त्याला कामावर पिटाळलं आणि स्वतः चपला घालून दारात उभी राहिली.

“फोटो नाही काढला तर चालणार नाही का?” सुनेनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“दाढेच्या मुळाशी पू झालाय. तो कुठवर गेलाय ते बघितल्याशिवाय हात कसा घालू?” त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. “एवढं घाबरायला काय झालं?”

इकडे आड, तिकडे विहीर. गेले चार दिवस ती फोनवर वाचत होती. एके ठिकाणी लिहिलं होतं, दाताच्या फोटोनं बाळाला काही होत नाही. दुसरीकडे असं काही होतं की तिनं फोन उलटा ठेवून दिला. खरं काय ते विचारायची जागा हीच खोली, आणि नेमकं इथेच तोंड उघडता येत नव्हतं. ठणका कानापर्यंत चढला होता. मदतनीस बाईनं यंत्राचा लांब हात ओढून नळी गालाजवळ आणली. एक शब्द बोललं की सगळं थांबणार होतं, आणि तो शब्द काही केल्या निघेना. स्वतःचीच तिला भीती वाटली.

मदतनीस बाई बटणाकडे वळली.

“थांबा!” सासू उठून उभी राहिली. “दुसरा महिना सरलाय तिचा. आधी दोनदा गेलंय. काय करायचं ते करा, पण हे लक्षात घेऊन करा.”

मग डॉक्टरीणबाई स्टूल ओढून सुनेशेजारी बसल्या.

“फोटोला भिऊ नका. तो दाढेचा, क्षणभराचा, पोटापासून लांब. वरून जाड एप्रनही घालू. पू तसाच ठेवला तर त्याचा त्रास जास्त. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात ना, मी नेहमीच्याच गोळ्या लिहून दिल्या असत्या. त्यातल्या दोन तुम्हाला अजिबात चालत नाहीत.”

मदतनीस बाईनं गळ्यापासून पोटापर्यंत जड एप्रन पांघरला. सुनेनं त्याखालून हात बाहेर काढून सासूचं मनगट धरलं.

“आई, तुम्हाला कधी कळलं?”

“महिना झाला.”

महिना! सुनेच्या डोळ्यांपुढे जिन्यातली सगळी दारं उभी राहिली. “मग... कोणाकोणाला सांगितलंत?”

“कोणाला सांगणार?” सासू म्हणाली. “तू मलाच कुठे सांगितलंयस अजून?”